शेळीचं घर आधी, शेळी मागाहून

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी मिरजोळ्याचा. रत्नागिरी शहराला लागून असलेलं आमचं गाव लोकांना माहीत आहे ते एमआयडीसीमुळे आणि विमानतळामुळे. शेळ्यांसाठी काही ते प्रसिद्ध नाही. पण माझ्या घरामागच्या परड्यात पाच शेळ्या आणि त्यांची पिल्लं आहेत, आणि गेली काही वर्षं घरखर्चाला त्यांचा चांगला हातभार लागतो. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी. खरं सांगायचं तर त्यांच्याआधी ज्या सहा शेळ्या होत्या त्यांच्याविषयी जास्त, कारण मला जे काही कळलं ते त्या सहांनी शिकवलं.

सौभाग्यवतीने बचत गटातून कर्ज काढलं होतं. मे महिना होता. एका व्यापाऱ्यामार्फत घाटावरच्या बाजारातून सहा शेळ्या आणल्या. आंबा घाट उतरून टेम्पो दारात आला तेव्हा अर्धी वाडी बघायला जमली. काळ्याभोर, तुकतुकीत, उस्मानाबादी जातीच्या. घराशेजारी चिऱ्याच्या भिंतींची जुनी खोली होती, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. झाडून, धुऊन स्वच्छ केली. पक्कं घर मिळालं म्हणून मीच खूष होतो. पाऊस सुरू झाला आणि भिजू नयेत म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली शेळी खोकायला लागली. नारळी पौर्णिमेपर्यंत सहांतल्या चार गेल्या. बचत गटाचा हप्ता मात्र कुठे गेला नाही, तो दर महिन्याला येत राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं, न्यूमोनिया आणि पोटात जंत. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. पण खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "जरा इथे शेळीच्या उंचीला बसून बघा." मी उकिडवा बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. उभ्या माणसाला जो वास थोडासा येतो, तो जमिनीपासून हातभर उंचीवर झोंबतो. कोबा मूत शोषून घेत नाही. लेंड्या आणि मूत एकत्र कुजून त्यातून अमोनिया वायू निघतो. ताडपत्रीने तो आतच कोंडून ठेवलेला. रात्रंदिवस ती हवा छातीत घेणाऱ्या जनावराची फुप्फुसं आधी कमजोर होतात आणि मग जंतूंना वाट मोकळी होते. म्हणजे वरच्या पावसापासून मी शेळ्या वाचवल्या आणि खालच्या ओलीत त्यांना मारलं.

आमच्या वाडीतल्या एका आजींनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं, शेळ्या आल्या त्याच दिवशी. "अरे, बकरीला माळा घाल हो, भुईवर नको ठेवूस." म्हातारीचं बोलणं म्हणून मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

शेळी हे मुळात कोरड्या, खडकाळ मुलखातलं जनावर. पाऊस आला की म्हैस चिखलात बसते, गाय उभी राहते, शेळी मात्र धावत आडोसा गाठते. उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे कधीकधी एका जुलैतच पडून जातो. रत्नागिरीचं वर्षाचं सरासरी पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घाटावरच्या शेळीने असा ओलावा कधी पाहिलेलाच नसतो. ती जात वाईट नाही. तिच्या मुलखात ती उत्तम. पण मे महिन्यात आणून जूनमध्ये पावसाच्या तोंडी द्यायची ही चूक आमची. बाहेरून जनावर आणायचंच असेल तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास आणावं. पुढच्या आगोटीपर्यंत त्याला इथल्या हवेची आणि चाऱ्याची सवय होते.

आपल्या हवेला सोसणारी शेळी आपल्याकडेच आहे. सिंधुदुर्गातल्या गावठी शेळ्यांमधून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने निवड करत करत 'कोकण कन्याळ' ही जात पुढे आणली. कुडाळ तालुक्यातल्या निळेलीच्या प्रक्षेत्रावर हे काम झालं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. अंग काळं, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, कान लांब आणि लोंबते. पूर्ण वाढलेली मादी तीस-बत्तीस किलोची, नर पन्नासच्या आसपास. दिसायला बोअर किंवा सिरोहीसारखी भारदस्त नाही, त्यामुळे हौशी माणूस नाक मुरडतो. पण मला विचाराल तर कोकणात पहिली शेळी हीच घ्यावी. आणि तीसुद्धा घर बांधून झाल्यावर.

तर आता घराकडे येतो. ही गोष्ट थोडी तपशिलात सांगतो, कारण इथे इंचाइंचाला अर्थ आहे.

माळा म्हणजे जमिनीपासून साडेतीन-चार फूट उंच केलेला, फटी ठेवलेल्या पट्ट्यांचा तळ. शेळी वर राहते. लेंड्या आणि मूत फटींतून खाली पडतात. खालून वारा खेळतो आणि तळ कोरडा राहतो. उंची एवढी ठेवायची की माणसाला वाकून खालचं झाडता यावं. मी आधी दीड फूट उंचीचा केला होता, लाकूड वाचवायला. खाली खराटा जाईना, लेंड्यांचा ढीग पट्ट्यांना टेकला आणि परत तोच वास. दुसऱ्या वर्षी उचलावा लागला.

खांब चिऱ्याचे बांधावेत. लाकडी खांब थेट मातीत रोवलात तर आपल्या तांबड्या मातीतली वाळवी तो दोन पावसांत खाते. खांबांवर आडव्या तुळया आणि तुळयांवर पट्ट्या. पट्ट्यांसाठी मला सगळ्यांत चांगली वाटली ती जुन्या पोफळीच्या खोडाची बाहेरची टणक पाठ. बांबू स्वस्त पडतो, पण ओला झाला की खूर घसरतात आणि लवकर कुजतोही. आंब्याची फळी तर वापरूच नका, ती पाणी पिते. पट्टी दोन-अडीच इंच रुंद. दोन पट्ट्यांमधली फट दीड सेंटिमीटर, फार तर पावणेदोन. माझं माप सोपं आहे: करंगळी सहज जावी, अंगठा अडावा. फट लहान राहिली तर लेंडी अडकते आणि मोठी झाली तर शेळीचा पाय अडकून मोडतो. पिल्लांच्या कोपऱ्यात ती एक सेंटिमीटरच ठेवायची, किंवा वर गोणपाट घालून ते रोज बदलायचं. खिळ्यांची डोकी वर राहता कामा नयेत. दर वर्षी मे महिन्यात मी हातोडा घेऊन सगळा माळा पालथा घालतो.

जागा किती? मोठ्या शेळीला दहा ते बारा चौरस फूट, पिल्लाला चार-पाच, बोकडाला वीस-पंचवीस आणि त्याचा कप्पा वेगळा. म्हणजे पाच शेळ्या आणि त्यांची आठेक पिल्लं धरली तर दहा फूट बाय बारा फुटांचा माळा पुरतो. याशिवाय बाहेर मोकळं फिरायला साधारण याच्या दुप्पट अंगण हवं. त्याला गडगा घाला किंवा जाळी मारा, पण सूर्य आला की शेळी बाहेर निघाली पाहिजे. वर चढायला फळीचा उतार करावा, दोन फूट रुंद, आणि त्यावर वीतभर अंतराने आडव्या रिपा ठोकाव्यात. गाभण शेळी उडी मारून चढली तर गाभ टाकण्याची भीती असते.

आपल्याकडे पाऊस येतो तो नैर्ऋत्येकडून. तेव्हा पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद असावी, चिऱ्याने किंवा झापांनी. पूर्व आणि उत्तर बाजू वरच्या निम्म्या उंचीत उघडी असावी, तिला फक्त जाळी. पूर्वी लोक पडवीला झड बांधत; माडाच्या झावळ्यांची विणलेली झड पाऊस अडवते पण वारा पूर्ण कोंडत नाही. ताडपत्री कोंडते, एवढाच काय तो फरक, आणि माझ्या चार शेळ्या त्या फरकाने गेल्या. छपराची वळचण तीन फूट पुढे काढावी, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे माळ्यावर येत नाहीत. छप्पर शक्यतो कौलांचं. पत्रा एप्रिलमध्ये तापतो आणि जुलैत असा वाजतो की शेळ्या रात्रभर उभ्या असतात. जुनी कौलं आज गावोगाव घरं पाडल्यावर पडून असतात, ती मागून आणली तरी चालतात.

माळ्याखालची जमीन उताराची करून पन्हळीने मूत बाहेरच्या खड्ड्यात सोडावं. पावसात दर दोन दिवसांनी आणि इतर वेळी आठवड्याला लेंड्या ओढाव्यात, वर चुन्याची भुकटी टाकावी. या लेंड्या कुजवून आंब्याच्या आळ्यात घातल्या की कलमं काय दिसतात ते बघायला आमच्याकडे या.

आणि बिबट्या. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. सड्यावर वस्ती वाढली, कारखाने आले, तरी तो गेलेला नाही. उलट कुत्री आणि शेळ्या हेच त्याचं सोपं भक्ष्य झालं आहे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जी फूटभर मोकळी जागा राहते, तिथून तो आत येतो. एकदा आत आला की एकीवर थांबत नाही, घाबरलेल्या सगळ्याच मारतो. म्हणून वरची उघडी बाजू जाड वेल्डमेशने बंद हवी. कोंबड्यांची जाळी त्याच्या पंजाला कागदासारखी आहे. माळ्याखालची बाजूही रात्री बंद झाली पाहिजे. दाराला आतून-बाहेरून कडी. दुर्दैवाने घटना घडलीच तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तर भरपाईचा अर्ज करता येतो.

घर झालं. आता किती शेळ्या ठेवायच्या? बँकेचा कागद सांगतो दहा अधिक एक. माझं म्हणणं वेगळं आहे. शेळ्या नाही, आधी झाडं मोजा.

पूर्वी मिरजोळ्याच्या सड्यावर सकाळी सोडलेल्या शेळ्या संध्याकाळी पोट भरून घरी येत. १९९० साली रोजगार हमीतून फळबागांची योजना आली, वरकस जमिनींवर काजू आणि आंबा लागला. ते चांगलंच झालं. पण तेव्हापासून मोकळी शेळी म्हणजे शेजाऱ्याशी भांडण. एका दुपारात ती पाच-पन्नास काजूची रोपं शेंड्यापासून साफ करते आणि मग दोन घरं तीन पिढ्या बोलत नाहीत. त्यात प्लॉट पडले, कुंपणं आली. त्यामुळे आज शेळी मुख्यतः बांधून किंवा अर्धबंदिस्तच पाळावी लागते. म्हणजे चारा आपणच तिच्यापुढे न्यायचा.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, अर्धा-पाऊण किलो कोरडी वैरण आणि वेताच्या काळात दोनशे-अडीचशे ग्रॅम खुराक लागतो. फणसाचा पाला तिला फार प्रिय, आणि तो भर पावसातही मिळतो. उंबर, शेवगा, हादगा, शेवरी चालतात. सुबाभूळ द्या, पण एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. त्यातल्या मिमोसिनने केस गळतात. गड्याच्या कडेने गिरिपुष्पाच्या फांद्या जूनमध्ये टोचल्या की दुसऱ्या वर्षी पाला मिळतो. सुरुवातीला शेळी त्याला तोंड लावत नाही, तो तोडून चार तास सुकवला की खाते. कण्हेर मात्र परड्यात ठेवूच नका, ती विषारी आहे.

कोरड्या वैरणीत भाताचा पेंढा शेळी नाइलाजाने चघळते. तिला हवं असतं ते कडधान्याचं भुसकट. भात कापल्यावर आपण कुळीथ, पावटा पेरतो. मळणी झाली की त्याचं भुसकट शेतात जाळून टाकू नका. गोणींत भरून माळ्यावर ठेवलं तर तेच जुलै-ऑगस्टमध्ये प्राण वाचवतं. आपण आगोटीला मीठ-मिरची, सुकी मासळी, कोकम भरतो ना, तशी शेळ्यांचीही बेगमी हवी. मी पाच शेळ्यांवर थांबलो आहे ते याच हिशोबाने. सहावीचं भुसकट माझ्याकडे होत नाही.

चारा कधीही तळावर टाकू नये. एकदा पायदळी गेलेलं शेळी खात नाही. पाल्याच्या पेंढ्या तिच्या तोंडाच्या उंचीला टांगाव्यात. मान वर करून ओरबाडायची तिची उपजत रीत आहे. पहिल्या पावसाची कोवळी लुसलुशीत हरळ दिसली की आपल्याला बरं वाटतं, पण आंत्रविषार नावाचा रोग नेमका त्याच दिवसांत येतो. तेव्हा ते गवत कापून, सुकवून, कोरड्या वैरणीत मिसळून थोडं थोडं द्यावं. आणि पहाटेच्या दवात शेळ्या बाहेर सोडू नयेत, जंतांची पिल्लं तेव्हा ओल्या पात्यांच्या शेंड्यावर असतात. ऊन पडू दे, मग सोडा.

जंतांसाठी आमचे डॉक्टर एक युक्ती शिकवून गेले. शेळीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लालबुंद असेल तर ठीक. फिकट गुलाबी झाली तर जंत रक्त पितायत. पांढरी पडली तर त्याच दिवशी दवाखाना. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा तक्ताच तयार केला आहे, तो आता जगभर वापरतात. म्हणजे सगळ्यांना सरसकट औषध पाजत बसायचं नाही. सारखं एकच औषध पाजलं की जंतच त्याला दाद देईनासे होतात. पावसाच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस द्यावाच.

लसींचं थोडक्यात सांगतो. आंत्रविषार आणि घटसर्प यांच्या लसी मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत. आंत्रविषाराची पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी पुन्हा. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. पिल्लांना तीन-चार महिन्यांची झाल्यावर. हा पीपीआर म्हणजे गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. आपल्या देशात तो १९८७ साली तामिळनाडूत पहिल्यांदा आढळला. बुळकांडी जगातून गेली, २०११ साली तसं जाहीर झालं. पीपीआरही २०३० पर्यंत घालवायचं जगाने ठरवलं आहे. आपल्या परड्यातली सुई त्यातलाच एक भाग आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि मला वाटतं माळ्याच्या खालोखाल महत्त्वाची. शेळी पाच महिने, म्हणजे सुमारे दीडशे दिवस गाभण राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागली तर पिल्लू जुलै-ऑगस्टमध्ये येतं, अगदी झडीच्या पावसात. दोन किलोचा तो ओला जीव, वीज गेलेली, आणि आताचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. कितीही चांगला माळा असला तरी त्या दिवसांतली पिल्लं जगवणं कठीण. म्हणून मी जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शेळी बोकडाला दाखवत नाही. जूनमध्ये लागलेली शेळी नोव्हेंबरात विते. कोरडी हवा, भरपूर पाला, थंडीला गोणपाट पुरतं. लोक म्हणतात, असं केलंस तर दोन वर्षांत तीन वेतं मिळणार नाहीत. नाही मिळत कधीकधी. पण जन्मलेली पिल्लं आणि विकलेली पिल्लं या दोन आकड्यांमध्ये माझ्याकडे आता फारसा फरक राहत नाही.

बोकड स्वतःचा हवाच असं नाही. पाच शेळ्यांसाठी एक पोसणं परवडत नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून एक चांगला ठेवावा, आणि दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर त्याच्याच मुली त्याच्याकडे जातात आणि पिल्लं खुरटी निपजतात.

पिल्लू जन्मलं की नाळ दोन बोटं ठेवून कापावी, आयोडीन लावावं आणि पहिल्या तासाभरात चीक पाजावा. वार पडायची वाट बघत पिल्लाला उपाशी ठेवायची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे. ती सोडा. रोगाशी लढायची ताकद पिल्लाला त्या चिकातूनच मिळते, आणि पहिल्या दिवसानंतर ती त्याच्या आतड्यातून रक्तात शिरत नाही. माळ्यावर राहणाऱ्या शेळ्यांचे खूर झिजत नाहीत, ते दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात, हेही लक्षात असू द्या.

विक्री करताना अंदाजाने देऊ नका. ताणकाटा घ्या, पिल्लू गोणीत घालून वजन करा आणि किलोवर भाव ठरवा. काटा आणल्यापासून गिऱ्हाईकाशी माझी घासाघीस अर्ध्यावर आली. बकरी ईदला चांगला भाव येतो, पण ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा कॅलेंडर बघून नर राखावेत. वर्ष पुरं झालेला, शिंग न मोडलेला, निर्दोष बोकड तेव्हा लोक शोधत दारात येतात.

बचत गटाचं ते पहिलं कर्ज फिटायला आम्हाला ठरल्यापेक्षा दीड वर्ष जास्त लागलं. त्या सहांतल्या ज्या दोन शेळ्या वाचल्या, त्यांतली एक माझ्या पहिल्या माळ्यावर, त्या दीड फुटाच्या, दोनदा व्याली. आजींना तिचं पिल्लू दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी पिल्लाकडे पाहिलंच नाही, घरी येऊन माळ्याखाली खराटा घालून बघितला, आणि तो अडकला तेव्हा म्हणाल्या, "अजून उचल."